तिसऱ्यांदा आलेला ट्रॅक्टर

शनिवार, सकाळचे नऊ. ओटिस प्रुइटच्या शेगडीवर सॉसेज चरचरत होते, आणि डार्लीन स्टब्ज मोहरीची बाटली हातात धरून हार्लन टीगच्या पोराची अक्कल काढत होती.

"हा क्वार्टरबॅक, चेंडू याच्या हातात," असं म्हणून तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यापुढे पाच सॉसेज ओळीनं मांडले. "ही त्याची पुढची फळी. आता तुझा क्लेटन काय करतो, बघ. पहिला प्रयत्न, मधून धाव. दुसरा, परत मधून धाव. दहापैकी आठ यार्ड झाले, उरले दोन. शेंबडं पोरही सांगेल, घुस अजून एकदा. तर हा गडी चेंडू चाळीस यार्ड लांब भिरकावतो, आणि तो पडतो कुणाच्या हातात? समोरच्यांच्या. तीन सामने झाले, हार्लन. तिन्ही वेळा तेच. याला काय म्हणायचं?"

"सप्टेंबरात त्याच पासवर तीन टचडाउन झाले, तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडली होतीस," हार्लन म्हणाला.

"सप्टेंबरात मला बर्बन जास्त झाली होती."

डार्लीननं एकतीस वर्षं ब्रॅनर गावात टपाल वाटलं होतं. गावातल्या प्रत्येक कुत्र्यावर ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता की शेजारच्या चार गाड्यांपर्यंत क्लेटनची अक्कल आरामात पोचत होती. हार्लनला ते झोंबत होतं. पण बोलायची सोय नव्हती. सामन्याच्या दिवशी स्टेडियममागच्या या पार्किंगमध्ये तिघं बावीस वर्षं एकाच जागी गाड्या लावत आले होते, एकमेकांची खिमा-राजम्याची चिली खात आले होते, आणि इथे ज्याला त्याला कोचची अक्कल काढायचा हक्क होता. फक्त गेल्या वर्षापासून ब्रॅनर स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाला चढाईच्या चाली ठरवून देणारा कोच हार्लनचा मुलगा होता, हे जरा अवघड जागचं दुखणं झालं होतं.

क्लेटननं अकरा वर्षांत सात गावं बदलली. कुठे सहायकाचा सहायक, कुठे नुसतं सामन्यांचं चित्रीकरण कापायचं काम. मग कुठे गेल्या वर्षी स्वतःच्या गावात बोलावणं आलं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन तो बापाच्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहायला आला. रविवारी दुपारी तो जेवायला येई. जेवण झालं की बापलेक मीठ-मिरपुडीच्या डब्या टेबलावर सरकवत बसत, आणि क्लेटन सांगे, ही चाल का, ती का नाही. हार्लन आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवत आला आणि संध्याकाळी तिथल्याच पोरांना फुटबॉल. मुलाशी दुसऱ्या कशावर बोलायचं हे त्याला कधी जमलं नाही. पोराचं लग्न मोडता मोडता राहिलं, तेही त्याला सुनेकडून कळलं. पण त्या डब्या सरकवायला लागले की दोघं जगातले सगळ्यात जवळचे मित्र. हार्लनला त्या एका तासाकरता उरलेला आठवडा ढकलता येई.

आणि आता तीन सामने ओळीनं हरल्यावर सगळ्या गावात एकच बोलणं चालू होतं, आज वेकफिल्डशी हरलो की क्लेटन टीगची नोकरी गेली.

पण हार्लनला जे कळलं होतं ते गावाला कळलं नव्हतं. खेळाडूंना पुढची चाल कळावी म्हणून मैदानाच्या कडेला तीन पोरं मोठाले फलक उंच धरतात. त्यांवर चित्रं असतात, कोंबडा, पाय, ट्रॅक्टर, काहीही. दोन फलक निव्वळ थापा, एक खरा. ट्रॅक्टर म्हणजे मधून धाव. पण सलग तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आला की अर्थ उलटा, लांब पास. समोरच्यांनी दोनदा धाव पाहिलेली असते, ते मध्ये गर्दी करतात, आणि मागे मोकळं रान. क्लेटनची ही चाल म्हणजे सोनं होतं. सप्टेंबरात ती कुणाला कळली नाही, आणि गेले तीन सामने मात्र समोरचा एक गडी चेंडू सुटायच्या आधीच मागे पळत सुटत होता. हार्लननं ती तिन्ही चित्रीकरणं शंभरदा पाहिली. तो गडी अंदाजानं पळत नव्हता. त्याला आधीच ठाऊक होतं.

म्हणजे कुणीतरी फुटलं होतं. घरभेदी कोण, याच विचारानं हार्लनची झोप उडाली होती. आधी त्याला संशय आला मैदान झाडणाऱ्या माणसाचा, कारण तो सरावाच्या वेळी उगाच रेंगाळतो. मग न्हाव्याचा, कारण त्याच्याकडे निम्मा संघ केस कापतो आणि पोरं बोलतात. मग गेल्या महिन्यात शेजारच्या जागेवर गाडी लावायला लागलेल्या नव्या जोडप्याचा. परराज्यातली नंबरप्लेट, आणि बाई फार गोड हसते. बिचारी बाई दर शनिवारी स्वतः केलेली बिस्किटं आणून देई, आणि हार्लन ती खाता खाता तिच्यावर नजर ठेवून असे.

आज मात्र त्याच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. ओटिस सकाळपासून त्याच्याशी नीट बोलला नव्हता.

ओटिस प्रुइट म्हणजे बडबडीचं दुसरं नाव. सॉसेज परतता परतता माणूस हवामानापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून टाकतो. आज तो शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत उभा होता. मघाशी फोन आला तर तो ट्रकच्या मागे जाऊन बोलला. बावीस वर्षांत ओटिसनं कुणाचा फोन कधी ट्रकच्या मागे जाऊन घेतला नव्हता. आणि त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यानं तो दोनदा अर्धा बाहेर काढला आणि हार्लननं बघताच परत सारला. ओटिसची मुलगी वेकफिल्डला दिली होती, हे हार्लनला आज एकदम आठवलं. जावई तिथल्या कॉलेजात कामाला होता. इतके दिवस आपल्याला हे कसं सुचलं नाही, असं म्हणून त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या.

"मग आज काय करावं म्हणतेस?" हार्लननं डार्लीनला विचारलं. डोळे ओटिसवर.

"पहिल्या चालीपासून पास," डार्लीन म्हणाली आणि मोहरीची बाटली मागे ओढली. "आखूड आखूड पास, दोन्ही बाजूंना. वेकफिल्डची फळी जाडजूड आहे, पळवून दमवायची. मधून घुसायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं."

"दमवायचं तर धावच हवी. त्यांना तास-तासभर ढकलत राहिलं की शेवटी त्यांचे पाय जातात."

"तोवर आपण एकवीस गुणांनी मागे असतो. तू आणि तुझं पोर दोघंही नांगरणीच्या काळातली माणसं. ओटिस, तू बोल की काहीतरी. तोंडात काय धरलंयस?"

ओटिसनं चिमट्यानं एक सॉसेज उलटला. "धाव चालेल," तो हळूच म्हणाला. "फक्त तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आला की पास नको टाकायला. जे दाखवलंय तेच करावं, सरळ धाव."

डार्लीन म्हणाली, "ट्रॅक्टर? ट्रॅक्टर कुठनं आला मध्येच?"

तिसऱ्या ट्रॅक्टरचा अर्थ संघाबाहेर फक्त एका माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस म्हणजे हार्लन स्वतः. त्यानं हातातला कॉफीचा पेला टेबलावर ठेवला, सावकाश ठेवला, आणि ओटिससमोर जाऊन उभा राहिला.

"तुला ट्रॅक्टर कुणी सांगितला?"

"हार्लन, नंतर बोलू."

"आत्ता बोल. किती दिवस चाललंय हे? जावयाला किती वेळा पोचवलंस? माझं पोर देशोधडीला लागतंय आणि तू इथं उभा राहून मला सॉसेज खायला घालतोस, लाज वाटते का काही?"

आजूबाजूच्या गाड्यांपाशी बोलणी थांबली. बिस्किटवाली बाई हातातली थाळी तशीच धरून बघत राहिली. डार्लीन दोघांच्या मध्ये पडायला आली, पण ओटिसनं तिला हातानं अडवलं. तो गोरामोरा झाला होता. रागावला नव्हता, आणि हार्लनला नेमकं तेच खुपलं. चोर पकडल्यावर चिडतो, आरडाओरडा करतो. हा तर असा बघत होता की जणू हार्लनच्याच घरात काही वाईट घडलंय.

"मला तुला एकट्याला दाखवायचं होतं," ओटिस म्हणाला. "परवापासून कसं दाखवू याचाच विचार करतोय. जावयानं पाठवलंय. आधीच्या तिन्ही संघांकडे होतं म्हणे हे, आता वेकफिल्डकडेही आहे. मघाशी त्याचाच फोन होता." त्यानं तो कागद काढला आणि हार्लनच्या हातात दिला.

कागदावर चाहत्यांच्या मंडळाच्या पानाचं छायाचित्र होतं. ब्रॅनरचे लोक इंटरनेटवर जिथे आठवडाभर भांडतात, ते पान. लिहिणाऱ्याचं नाव 'जुना रंधा'.

"अहो दीडशहाण्यांनो," असं त्यात होतं, "तो पास म्हणजे वेड नाही. सलग दोन ट्रॅक्टर म्हणजे धाव, तिसरा ट्रॅक्टर म्हणजे त्याच्या उलट. समोरचे मध्ये गोळा होतात आणि मागे रान मोकळं. याला डोकं लागतं. ज्याला हे कळत नाही त्यानं बेसबॉल बघावं."

हार्लननं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, कारण 'जुना रंधा' तोच होता.

त्याला सगळं आठवलं. ऑक्टोबरातला रविवार. क्लेटन जेवून नुकताच गेलेला, टेबलावर मिठाची डबी तशीच. सामना जिंकूनही मंडळाच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं की टीगचं पोर नशिबावर जगतंय, त्याला डावपेचातलं ओ की ठो कळत नाही. हार्लनचं डोकं भडकलं. आपल्या पोराची हुशारी एकदा तरी या गाढवांना कळू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. तासाभरानं त्याला शहाणपण सुचलं आणि त्यानं ते पुसून टाकलं. पुसलं म्हणजे संपलं, असं धरून तो ते विसरूनही गेला. विसरला कसला, मनाच्या पार तळाशी दडपून टाकलं आणि वरून न्हावी, झाडूवाला, बिस्किटवाली, ज्याच्या त्याच्या मागे लागला. त्या एका तासात कुणी तरी त्याची प्रत काढून ठेवली होती.

"तू कधी ओळखलंस?" त्यानं ओटिसला विचारलं.

"बेसबॉलवर आलो तेव्हा. बावीस वर्षं ऐकतोय ते वाक्य."

डार्लीननं त्याच्या हातातून कागद घेऊन वाचला. तिनं कागद परत दिला आणि मांडलेले सॉसेज एकेक करून ताटात भरायला लागली.

"ओटिस, मी तुला..."

"मला नुसतं विचारायचं होतंस, हार्लन," ओटिस म्हणाला. "बोट दाखवायच्या आधी एकदा विचारायचं होतंस." तो शेगडीकडे वळला. त्या पाठीकडे बघून हार्लनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थांबायला वेळ नव्हता. दहा वाजत आले होते. सामन्याआधी दोन तास संघ बसमधून उतरतो आणि दोरांमधून, लोकांच्या गर्दीतून चालत स्टेडियममध्ये जातो. क्लेटनचा फोन सकाळपासून बंद. त्याला गाठायची तीच एक जागा होती.

हार्लन धावला. अडुसष्टाव्या वर्षी, थंडीत, दुखऱ्या कमरेनं धावला. बँड सुरू झाला होता. दोराशी चार-पाच रांगा माणसं उभी होती, तो कोपरं मारत पुढे घुसला. हिरव्या जाकिटातली पोरं कानांना हेडफोन लावून चालत होती. त्यांच्यामागे सहायक कोच. क्लेटन नेहमी डाव्या बाजूनं यायचा आणि बापाच्या हातावर हात मारून पुढे जायचा. एक शब्द बोलायचा नाही. आजही त्यानं हात पुढे केला. हार्लननं तो धरूनच ठेवला.

"तिसरा ट्रॅक्टर बाहेर गेलाय. वेकफिल्डकडे आहे. मी लिहिलं होतं, क्लेटन. मंडळाच्या पानावर. मीच."

क्लेटनचा चेहरा बदलला नाही. "माहीत आहे, डॅड. फलक बुधवारीच बदलले."

"तुला माहीत होतं?"

"मलाही कुणीतरी त्याची प्रत पाठवली. वाचल्यावर कळलं कुणाचं आहे ते." त्यानं हात सोडवायला बघितलं. "मुख्य कोच पोरांना एकेकाला खोलीत बोलावून विचारत होते. क्वार्टरबॅक एकोणीस वर्षांचा आहे, रडत होता. मग मी सांगितलं, मी बोललो बाहेर, जुन्या मित्राजवळ. मिटलंय ते. आजचा सामना झाला की मी नोकरी सोडतोय. घरी बोलू."

आणि तो पुढे गेला.

हार्लन शाळेतल्या पोरांना शिकवणारा असला तरी हा धंदा त्याला ठाऊक होता. हरणाऱ्या कोचला दुसऱ्या गावात नोकरी मिळते. चाली बाहेर सांगणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. अकरा वर्षं, सात गावं, आणि पोरानं सगळं एका वाक्यात बापाच्या पायी घातलं होतं. हार्लनला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

रांगेत सगळ्यात शेवटी मुख्य कोच चालतो. रस्कोम त्याचं नाव. उंच, हाडकुळा, कुणाकडे न बघणारा माणूस. हार्लन दोराखालून वाकून पलीकडे गेला आणि त्याच्या वाटेत उभा राहिला. एका पहारेकऱ्यानं त्याचा दंड धरला.

"क्लेटन नाही बोलला," हार्लन म्हणाला. बँडमुळे कोचला ऐकू येईना, तेव्हा तो ओरडून म्हणाला, "क्लेटन कुणाशी बोलला नाही. ते मी लिहिलं. मी त्याचा बाप. हे बघा."

नेमका त्याच वेळी बँड थांबला. शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंच्या लोकांनी ऐकलं. रस्कोमनं कागद घेतला आणि वाचला. मग मान वर न करता हाक मारली, "टीग."

क्लेटन परत आला. रांग मोडून कुणी कधी मागे आलेलं त्या वाटेनं पाहिलं नव्हतं.

"तू मला सांगितलंस की तू बोललास," रस्कोम म्हणाला.

"हो."

"खोटं."

"हो."

रस्कोमनं कागदाची घडी घातली. "नोकरी राहील," तो म्हणाला. "जिंकलो तरी, हरलो तरी. पण मला सांग, हे परत होणार नाही कशावरून? तू यांच्या टेबलावर बसून बोलतोस. हे लिहितात. पुढच्या आठवड्यात काय?"

हार्लन म्हणणार होता, मी शपथ घेतो, आता एक अक्षर लिहिणार नाही. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण क्लेटन आधी बोलला, आणि बोलताना बापाकडे बघत होता.

"यापुढे मी घरी खेळावर बोलणार नाही. एक शब्द नाही. आणि आज त्यांना आत सोडू नका. ते स्टँडमध्ये बसून शेजारच्यांना पुढची चाल सांगतात. त्यांना राहवत नाही."

हे खरं होतं. हार्लननं खिशातून तिकीट काढून पहारेकऱ्याच्या हातात ठेवलं. क्लेटननं एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट दाबला, आणि मग तो रस्कोमबरोबर आत निघून गेला.

बारा वाजता पार्किंग ओस पडलं. डार्लीन आत गेली. ओटिसही गेला, पण जाताना शेगडीवर दोन सॉसेज आणि ट्रकच्या मागच्या फळीवर टीव्ही चालू ठेवून गेला. बिस्किटवाल्या बाईकडे तिकीट नव्हतं. ती नवऱ्यासोबत आपल्या खुर्चीत बसून होती. हार्लनला बघून तिनं थाळी पुढे केली, आणि हार्लननं मान खाली घालून एक बिस्किट उचललं.

त्या टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या आठ-दहा सेकंद मागे असतं. त्यावर अजून संघ रांगेत उभे राहत होते, आणि भिंतीपलीकडे तीस हजार माणसांची आरोळी उठलीसुद्धा.

"काय झालं हो?" बाईनं विचारलं. "तुम्हाला तर आधीच माहीत असतं म्हणतात."

"नाही," हार्लन म्हणाला. "मला काही माहीत नाही."

खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला, आणि टीव्हीवर काय दिसतं याची वाट बघत राहिला.